पुढच्या दाराचा उतार

दर्शनी भाग विद्रूप होतो, असं तुम्ही लिहिलंत. वसाहतीच्या कार्यालयात पंख्याखाली बसून, ते घर न बघता, त्या घराची पायरी न चढता लिहिलंत. सही वाचता येत नाही, शिक्का मात्र ठसठशीत आहे, म्हणून नावाशिवायच बोलावं लागतंय. एका बाईला तिच्याच घरात पुढच्या दाराने जायला तुम्ही बंदी केलीत आणि ती दोन ओळींत उरकून चहा मागवलात. आता ती बाई कोण आणि त्या दोन ओळी तिच्या दारापर्यंत कशा पोचल्या, ते ऐका. मध्ये उठू नका.

गल्लीत तिला सगळे मशीनवाली म्हणायचे. ती शिवणयंत्रं दुरुस्त करायची. कोपऱ्यावर तिचं दुकान, रस्त्याला अगदी समतल. मशीन आलं की आधी चाक हाताने फिरवून कान लावायची आणि गिऱ्हाइकाला विचारायची, "तेल कधी घातलं होतं? खरं सांगा, मी काही पोलीस नाही." मग एका संध्याकाळी दुकान बंद करून येताना तिला ट्रकने उडवलं. तेव्हापासून कमरेखालचं शरीर तिचं ऐकेनासं झालं. हात ऐकत होते. तोंड तर आधीपेक्षा जोरात चालत होतं. चाकाची खुर्ची आली, दुकान पुन्हा उघडलं, गिऱ्हाईकं पुन्हा आली. अडचण एकच होती. दुकानाला पायरी नव्हती, घराला तीन होत्या.

त्या तीन पायऱ्यांसाठी रोज दोन माणसं लागायची. एका बाजूने धाकटा भाऊ, दुसऱ्या बाजूने शेजारचा व्यायामवाला. दोघे मिळून तिला खुर्चीसकट उचलायचे, सकाळी खाली, संध्याकाळी वर. लोखंडी कपाट चढवतात तसं. व्यायामवाला भला माणूस होता, पण उचलताना असा हुंकार द्यायचा की समोरच्या घरातले लोक खिडकीत यायचे.

"ताई, आज जरा जड लागताय."

"तूच आज कमी खाल्लंयस. आधी वर ने, मग बोल."

अशी थट्टा करत तिने दिवस काढले. मग एकदा धाकटा कामावर अडकला आणि व्यायामवाला गावाला गेला होता. मशीनवाली अंगणात येऊन थांबली. तिला लघवीला लागली होती. आई दारात उभी राहून "येईल गं, येतच असेल" म्हणत राहिली, आणि रस्त्यावरून जाणारे येणारे विचारत राहिले की आज बाहेर बसलात का हवेला. धाकटा आला तोवर उशीर झाला होता. त्याने एकट्याने कसंबसं पाठीवर घेऊन तिला आत नेलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

कपडे बदलून झाल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मला उतार हवाय. माझा मला, माझ्या हातांनी चढता येईल असा. पैसे माझे."

"मागच्या बाजूने झाला असता," धाकटा म्हणाला. "तिथे एकच पायरी आहे."

"मागे काय आहे ते तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. मागे वसाहतीची कचऱ्याची पिंपं होती, उघडं गटार होतं आणि अंधार पडला की कुलूप लागणारं एक फाटक होतं. मागचं दार मोरीत उघडायचं. म्हणजे बाईने दिवसभर काम करून यायचं, पिंपांमधून वाट काढायची, फाटक उघडं असलं तर नशीब समजायचं आणि आपल्या घरात मोरीतून शिरायचं. तिने हे सगळं बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "पुढचं दार. मी चोर नाही आणि भंगारवालीही नाही."

यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं, निदान तोंडाने तरी नव्हतं. धाकटा म्हणाला की एकाच ठेकेदारावर विसंबायचं नाही, तीन ठिकाणचे भाव घ्यायचे आणि ताडून बघायचे. आईच्या ओळखीचा एक होता, त्याने पूर्वी स्वयंपाकघराच्या फरशा बसवल्या होत्या. धाकट्याच्या ओळखीचा एक होता. भावजयीच्या माहेरच्या गल्लीत एक वेल्डिंगवाला होता, तो गवंडीकामही घ्यायचा. दुकानात तेव्हा शाळेच्या गणवेशांचा हंगाम होता, शिंपी मशीनं घेऊन रांग लावून बसायचे. ती म्हणाली, "मला वेळ नाही. ज्याने त्याने आपापल्याला बोलवा, माप घेऊ द्या, भाव आणा."

इथे तिचं चुकलं. आपल्याला काय हवंय ते घरच्यांना कळलंय, असं ती धरून चालली.

तीन भाव आले. रात्रीचं जेवण उरकून ताटं बाजूला सारल्यावर तिने तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिन्ही आकडे एकमेकांना ओळख द्यायला तयार नव्हते. एक इतका कमी की त्यात सिमेंट तरी येतं का अशी शंका यावी. दुसरा त्याच्या दुप्पट. तिसरा महिन्याच्या हिशोबाने.

"महिन्याच्या?" तिने विचारलं. "उतार काय दूध आहे?"

"भाड्याने मिळतो, ताई," भावजय म्हणाली. "नको झाला की परत."

"उतार नको कधी होतो?"

भावजयीने ताट उचललं आणि ते आधीच स्वच्छ असताना पुसायला लागली.

धाकट्याने दोन नंबरचा कागद पुढे सरकवला. "माझं ऐक, हा घे. याने आपल्या गल्लीत कितीतरी घरांना केलेत. कार्यालयाची कटकट नाही, दोन दिवसांत काम."

"आपल्या गल्लीत खुर्चीवर बसणारी मी एकटी आहे. याने कुणाला केलेत?"

"अगं, म्हणजे, तशा प्रकारचे."

"आमचा माणूस घरचा आहे," आई म्हणाली. "फसवणार नाही. आणि स्वस्त आहे."

मशीनवालीने तिन्ही कागद उचलून एकावर एक ठेवले. बिघडलेल्या मशीनचा धागा कुठे अडकतोय हे कळत नाही तेव्हा ती सुई काढून ठेवायची आणि सगळं पहिल्यापासून ओवायची. तेच तिने इथे केलं. "रविवारी तिघांनाही बोलवा. एकाच वेळी."

"एकाच वेळी?" धाकटा हादरला. "ताई, असं कुणी करत नाही. ठेकेदार एकमेकांसमोर येत नाहीत. भांडणं होतील."

"होऊ देत. अंगण आपलं आहे."

रविवारी सकाळी तिघे आले. आईचा ठेकेदार म्हातारा, गोडबोल्या, येताच आईला "मावशी, तब्येत बरी ना" म्हणून आत डोकावला, मावशीपेक्षा तो स्वतः वयाने मोठा असताना. धाकट्याचा ठेकेदार तरुण, अंगात चामड्याचं जॅकेट, एक हात कायम फोनवर. वेल्डिंगवाला सगळ्यांत शेवटी आला. शर्टाला ठिणग्यांची भोकं. त्याने कुणाची तब्येत विचारली नाही. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिघांचंही तोंड वाईट झालं. मशीनवाली अंगणाच्या मधोमध खुर्चीत बसली होती. तिघेही तिला वळसा घालून पायऱ्यांकडे गेले.

म्हाताऱ्याने जॅकेटवाल्याच्या हातातल्या नकाशावर नजर टाकली. "एवढा रुंद कशाला? उगाच माल खायचा. दोन पट्ट्या पुरतात, मध्ये पायऱ्या ठेवायच्या."

"दोन पट्ट्यांवर गाडी कशी चढवणार?"

"हातगाडी चढते की."

"कसली हातगाडी? स्कूटर आहे."

"काय बोलतोस? मावशींनी मला सिलिंडर आणि पाण्याचे जार वर न्यायचे म्हणून सांगितलं."

वेल्डिंगवाला पायरीवर टेप टाकत होता, तो थांबला. "तुम्ही दोघं कुठल्या घराचं बोलताय? मला पेशंट सांगितलाय. लोखंडी पत्र्याचा तात्पुरता उतार, नातेवाईक ढकलणार. पेशंट बरा झाला की मी येऊन घेऊन जाणार."

मग तिघे एकेक करून अंगणाच्या मध्यभागी बघायला लागले.

"नमस्कार," मशीनवाली म्हणाली. "तो सिलिंडर मीच. स्कूटरही मीच. पेशंटसुद्धा मीच असणार बहुतेक."

आई दारातून आत जायला वळली.

"आई, थांब. जाऊ नकोस. सिलिंडर का म्हणालीस?"

"काय वाईट म्हणाले मी?" आईचा आवाज चढला. "परक्या माणसाला काय सांगू? माझी मुलगी अशी झाली म्हणून सांगू? माझ्या तोंडून नाही निघत ते. सिलिंडर निघाला तोंडातून, झालं."

"आणि तू?"

धाकटा सारवासारव करायला लागला. गल्लीत बघ, म्हणाला, घरोघरी स्कूटरसाठी पुढे उतार केलेत, कार्यालयाने एकालाही हटकलेलं नाही. खुर्ची म्हटलं की अर्ज, तपासणी, मंजुरी, सगळं शेपूट मागे लागतं. स्कूटर म्हटलं की कुणी बघत नाही. "तुझ्या भल्यासाठीच केलं ना."

"तो उभा उतार आहे. त्यावर स्कूटर इंजिनाने चढते. मला इंजिन आहे?"

"मी आहे ना ढकलायला."

"तू आहेस तेव्हा आहेस. नसलास तेव्हा काय होतं ते अंगणाला माहीत आहे."

मशीनवालीने भावजयीकडे बघितलं. भावजय आधीच रडवेली झाली होती. "मला वाटलं, ताई, तुम्ही बऱ्या व्हाल. पक्कं बांधलं की मग... म्हणजे पक्कं बांधायला माझा जीव होईना."

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू खोलीतच होतीस ना?"

"होते."

"मग?"

"होते, पण ऐकलं नाही."

यावर रागावणं मशीनवालीला जमलं नाही, आणि न जमल्याचा तिला आणखी राग आला. तो तिने ठेकेदारांवर काढला, कारण ते समोर होते आणि त्यांना पैसे मिळणार होते. "तुमच्या टेम्पोत फळ्या आहेत ना? काढा. तुमच्या तुमच्या कागदावर जेवढा चढ आहे तेवढा पायरीला लावून दाखवा. आणि मला इथून उचलून त्या बाकावर बसवा."

"कशाला, ताई?" जॅकेटवाल्याने विचारलं.

"खुर्ची रिकामी करायची आहे. तुमचा उतार, तुम्हीच चढा."

म्हातारा हसला आणि मागे सरकला. "मला नको हो. माझे गुडघे धरलेत."

"गुडघे लागत नाहीत, काका. म्हणून तर खुर्ची आहे."

जॅकेटवाल्याला मात्र माघार घेणं कमीपणाचं वाटलं. तो खुर्चीत बसला, फोन खिशात घातला, जोर लावला आणि फळीवर चढला. अर्ध्यात पोचल्यावर त्याचे दंड थरथरायला लागले. चाक सोडलं तर मागे जायचं, धरलं तर पुढे जात नाही, असा तो लटकला. तोंड लालबुंद.

"धरा, धरा की कुणीतरी," तो हळूच म्हणाला.

"कुणी नाहीये," मशीनवाली बाकावरून म्हणाली. "सगळे कामावर गेलेत."

शेवटी धाकट्यानेच धावत जाऊन त्याला धरलं, नाहीतर तो पाठमोरा फाटकातून रस्त्यावर गेला असता. व्यायामवाला कुंपणावरून बघत होता, त्याला हसू आवरेना.

वेल्डिंगवाल्याने कुणाची परवानगी न मागता खुर्ची ताब्यात घेतली. एकदा चढला, घसरला. उतरून फळी लांब केली, खाली विटा रचल्या, पुन्हा बसला. पुन्हा घसरला. एक शिवी दिली, ती फळीला होती. पुन्हा लांब केली. असं करत करत फळ्यांची रांग आईच्या फुलझाडांच्या वाफ्यातून, धाकट्याची स्कूटर उभी असायची त्या जागेवरून, कुंपणापर्यंत गेली आणि तिथून परत वळली. तेव्हा कुठे तो दारापर्यंत पोचला. घामाने भिजला होता. दारात बसूनच तो म्हणाला, "इतका लांब लागेल. वळणावर दम खायला सपाट जागा. दोन्ही बाजूंना कठडा. वाफा जाईल, स्कूटरची जागा जाईल. आणि माझा भाव वाढला."

"किती?"

"बराच. मला कुणी सांगितलंच नव्हतं कोण चढणार ते. सांगितलं असतं तर पहिल्यांदाच बराच सांगितला असता."

मशीनवालीने बाकावरूनच तिघांना नव्याने काम सांगितलं. ढकलायला कुणीही नाही असं धरायचं, पावसात चाक घसरायला नको, पुढच्या दाराला. या एकाच कामाचे तीन भाव आणा, म्हणाली, मग ताडायला काही अर्थ आहे. आणि तुमच्या कागदावर कामाचं नाव लिहा. कुणासाठी ते लिहा.

भाव आले, पण त्यांच्या आधी तुमचं पत्र आलं. तिने रीतसर अर्ज केला होता, कारण तिला चोरीने काही करायचं नव्हतं. तुम्ही लिहिलंत की पुढच्या बाजूस असा उतार केल्यास वसाहतीचा दर्शनी भाग विद्रूप होतो, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे. मागील बाजूस हरकत नाही. संपलं.

पत्राची बातमी ठेकेदारांना लागली. त्यांना अशा बातम्या कुठून लागतात देव जाणे. म्हातारा दुकानात येऊन बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "पोरी, कार्यालयाशी वाकडं कशाला? मागच्या दाराने करू. मी तुला तिथे छान फरशी बसवून देतो." जॅकेटवाल्याचा फोन आला. तो नव्या मापाने करायला तयार होता, भावही वाजवी होता, अट एवढीच की कागदावर स्कूटर लिहायचं आणि कठडा आत्ता लावायचा नाही. वर्षभराने गुपचूप लावू, म्हणाला. वेल्डिंगवाला तिघांत महाग. त्याला तिने स्वतः फोन करून विचारलं की मंजुरी नाही, करणार का.

"माझं कार्यालयाशी आधीच फाटलंय," तो म्हणाला. "त्यांनी माझं बिल अडवलंय कधीचं. आणखी काय करतील? फक्त साहेब आला की तुम्ही बोलायचं. मला बोलता येत नाही, माझ्या तोंडून शिव्याच येतात."

"आणि भाव?"

"भाव कमी नाही."

"थोडा तरी?"

"शिव्या न देण्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, तेच समजा."

आता तुलना सोपी झाली होती. एकाला ती मागच्या दाराने हवी होती, एकाला खोट्या नावाने आणि एकाला फक्त पैसे हवे होते.

धाकट्याने त्या रात्री तिला फार समजावलं. तो वाईट नव्हता, थकला होता. "ताई, जॅकेटवाल्याचं घे. काम तेच आहे, माप तेच आहे. कागदावर काय लिहिलंय याने काय फरक पडतो? उतार मिळतो ना?"

"कठडा नाही मिळत."

"नंतर मिळतो."

"नंतर कार्यालय म्हणेल, स्कूटरला कठडा कशाला. मग काय सांगू? स्कूटर म्हातारी झाली?" तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "हे बघ, मला रोज दोन माणसं उचलून आत नेतात. गल्ली बघते. ती लाज मी गिळली, कारण उपाय नव्हता. आता उपाय आहे, तर मी आहेच नाही असं लिहून द्यायचं? माझ्याच पैशाने? आणि उद्या वसाहतीत दुसरं कुणी खुर्चीवर आलं तर त्याने काय लिहायचं, ट्रॅक्टर?"

धाकटा नाइलाजाने हसला. मग म्हणाला, "दंड झाला तर?"

"झाला तर मी भरीन. आणि का भरला ते पाटीवर लिहून दुकानाला लावीन."

वेल्डिंगवाला काम सुरू करायला यायचा होता त्या सकाळी मशीनवाली उठली तर आई अंगणात होती. हातात खुरपं. वाफ्यातली झाडं ती मुळासकट काढून जुन्या डब्यांत लावत होती. ही झाडं आईने कुणाला तोडू दिली नव्हती, भावजयीला फूल खुडायचं असलं तरी विचारावं लागायचं. समोरच्या घरातली बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. "काय हो, झाडं काढताय? काय बांधणार आहात?"

आईने मातीचे हात पदराला पुसले नाहीत, तशीच उभी राहिली. "उतार बांधतोय. माझ्या मुलीला चालता येत नाही. तिच्यासाठी."

"अगंबाई. आम्हाला वाटलं स्कूटर."

"स्कूटर तुमची. आमची मुलगी आहे."

मशीनवालीने खिडकीतून हे ऐकलं आणि तोंड धुवायला गेली.

काम सुरू झालं. वेल्डिंगवाल्याच्या माणसांनी खणून पाया घेतला, विटा रचल्या, कठड्याचे खांब उभे केले. मशीनवालीने त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. ती अंगणात, फाटकाच्या तोंडाशी, खुर्ची आडवी लावून बसली. गणवेशवाले शिंपी मशीनं घेऊन तिथेच आले, आणि ती मांडीवर पाट ठेवून, एक डोळा कामावर आणि एक रस्त्यावर, मशीनं दुरुस्त करत राहिली.

साहेब दुपारी आले. सही त्यांचीच होती की आणखी कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. समोरच्या घराच्या स्कूटरच्या उतारावर आपली स्कूटर चढवून उभी केली, हेल्मेट काढलं आणि रस्ता ओलांडून आले.

"हे काय चाललंय? पत्र मिळालं नाही का?"

"मिळालं."

"मग बंद करा."

वेल्डिंगवाल्याने थापी खाली ठेवली आणि तोंड उघडलं. मशीनवालीने हात वर केला, तसं त्याने ते मिटलं. "बंद करू?" त्याने एवढंच विचारलं.

"चालू राहू दे. माल कालवलेला आहे, फुकट जाईल."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. व्यायामवाला कुंपणाशी उभा होता, शिंपी बाकावर बसले होते, आई डब्यातल्या झाडांना पाणी घालत होती, आणि भावजय दारात कमरेवर हात ठेवून उभी होती, जी एरवी साहेब दिसला की आत पळायची. साहेबांचा आवाज खाली आला. त्यांनी वाकून, तिच्या कानाशी तोंड आणून म्हटलं, "बाई, मी माणूस आहे. मला तुमची अडचण कळते. असं करू. तुम्ही साधा अर्ज द्या, दुचाकीसाठी उतार म्हणून. मी आत्ता इथे उभ्या उभ्या सही करतो. हे कठड्याचे खांब तेवढे काढा. माझं पण राहील, तुमचं पण राहील."

धाकटा तिच्या मागे उभा होता. साहेबांचं बोलणं त्याला ऐकू गेलं. तीन दिवसांपूर्वी त्याने हेच मागितलं होतं, आणि आता ते ताटात वाढून समोर आलं होतं. तो वाकला. मशीनवालीला वाटलं हा आता हो म्हणायला सांगणार. पण त्याने पाटावरचा स्क्रू उचलून बाजूला ठेवला, म्हणजे हरवायला नको, आणि पुन्हा सरळ उभा राहिला.

"मोठ्याने बोला, साहेब," ती म्हणाली. "माझे पाय चालत नाहीत, पण मला कान आहेत. या लोकांनाही आहेत."

साहेब सरळ झाले. "मी तुमच्या सोयीचं सांगतोय."

"तुम्ही स्कूटरला पुढून परवानगी देता. आत्ता तुमची उभी आहे, बघा. त्याने दर्शनी भाग विद्रूप होत नाही. उतार असतो सिमेंटचा, तोही आणि हाही. मग यात विद्रूप काय होतं? सिमेंट तर नाही. कठडा म्हणाल तर समोरच्यांच्या गच्चीला कठडा आहे, तुमच्या कार्यालयाला आहे. तोही नाही. मग राहिलं काय? मी राहिले."

"असं कुणी म्हटलेलं नाही."

"लिहिलेलं तेच आहे. फक्त शब्द टाळलाय. माझ्या घरच्यांनीही टाळला होता, त्यांच्याशी माझं भांडण झालं आणि मिटलं. त्यांचा जीव होता त्यात. तुमचा काय होता?"

साहेबांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "नियम आहे. मी केलेला नाही."

"मग ज्याने केला त्याला फोन लावा. मी धरते. नाहीतर तुम्हीच लिहा. हे तुमचं पत्र, मागची बाजू कोरी आहे, पेन आमच्या शिंप्याकडे आहे." तिने पत्र त्यांच्यापुढे धरलं. "स्कूटर पुढच्या दाराने गेली तर चालते आणि बाई गेली तर घर विद्रूप होतं, ते का, एवढंच लिहा. कारण लिहा आणि खाली वाचता येईल अशी सही करा. मागे काम चालूच आहे, आम्हाला घाई नाही. मी फाटकात बसलेय, मला उठताही येत नाही. सांगा, साहेब. का?"